चुंबकी डावपेच-पाटी : बेलिंगहॅमच्या जागेचा वाद तिच्यावर मांडून पाहताना

फुटबॉलमधील डावपेच समजावून सांगण्यासाठी चुंबकी सोंगट्यांची जी पांढरी पाटी मिळते, ती मुळात प्रशिक्षकांसाठी बनवलेली असते. सामन्यापूर्वी खेळाडूंना रचना दाखवावी आणि मध्यंतरात एखादी चूक समजावून सांगावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. कोल्हापुरातल्या आमच्या मित्रमंडळाने ती मुलांच्या सरावासाठीच विकत घेतली. परंतु तिचा खरा कस लागला तो रात्री परदेशी सामने पाहायला जमणाऱ्या मोठ्या माणसांच्या वादात. रेआल माद्रिद हा स्पॅनिश क्लब आणि इंग्लंड यांच्याकडून खेळणारा तरुण मध्यरक्षक ज्यूड बेलिंगहॅम याने नेमके कोठे खेळावे, या प्रश्नावर आमच्यात बऱ्याच काळापासून मतभेद आहेत, आणि ही पाटी भिंतीवर लागल्यापासून त्या मतभेदांना निदान शिस्त आली आहे. मुलांना शिकवताना पाटीची परीक्षा फारशी होत नाही, कारण तेथे एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. जेथे प्रत्येकाला सोंगटी स्वतःच्या हाताने हलवायची असते, तेथेच वस्तूचे गुण आणि दोष दोन्ही उघड होतात. म्हणून हे परीक्षण त्या वादाच्या अंगाने लिहिले आहे.

पाटी ९० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद आहे. ॲल्युमिनियमची चौकट, पांढरा लेप दिलेला पोलादी पत्रा, त्यावर हिरव्या रेषांनी छापलेले मैदान, लाल आणि पिवळ्या रंगांच्या प्रत्येकी अकरा सोंगट्या, चेंडूसाठी एक लहान काळी सोंगटी, दोन मार्कर आणि एक डस्टर, असा सगळा संच १,८०० रुपयांना मिळाला. दुकानदाराने आधी ६० बाय ४५ सेंटीमीटरची स्वस्त पाटी दाखवली होती; ती आम्ही घेतली नाही, आणि तो निर्णय योग्यच ठरला, कारण त्या आकारात दोन्ही संघांच्या सोंगट्या मांडल्यावर मार्करने बाण काढायला जागाच उरत नाही. पाटीच्या मागच्या बाजूला अर्धेच मैदान मोठ्या प्रमाणात छापलेले आहे. कॉर्नर आणि फ्री किकच्या चर्चेसाठी ती बाजू फार उपयोगाची आहे, मात्र पाटी एकदा भिंतीवर ठोकली की ती बाजू कायमची भिंतीकडे जाते. घेणाऱ्याने पाटी खिळ्यावर अडकवावी, स्क्रूने पक्की करू नये.

आता सोंगट्यांकडे येतो, कारण वाद तेथूनच सुरू होतो. प्रत्येक सोंगटीवर १ ते ११ पैकी एक आकडा छापलेला आहे. पाटी बनवणाऱ्याच्या मनात जुनी सोपी पद्धत असावी : १ म्हणजे गोलरक्षक, ९ म्हणजे आघाडीच्या टोकावर खेळणारा सेंटर फॉरवर्ड, आणि मधल्या फळीत ४, ८ व १०. यांतला ४ हा बचावफळीच्या पुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याचा डाव मोडणारा, ८ हा दोन्ही पेनल्टी क्षेत्रांच्या दरम्यान सतत धावणारा, आणि १० हा आघाडीपटूंच्या मागे राहून संधी घडवणारा. बेलिंगहॅमसाठी यांपैकी कोणती सोंगटी उचलायची, यावरच आमच्यात पहिल्या रात्री एकमत होईना. हा गोंधळ आमच्यापुरता नाही. बर्मिंगहॅम सिटी या इंग्लिश क्लबच्या अकादमीत असतानाच त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला सांगितले होते की तू ४, ८ आणि १० या तिन्ही क्रमांकांचे काम करू शकतोस, आणि त्या तिन्हींची बेरीज म्हणून त्याने २२ क्रमांक घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये वयाच्या १६ वर्षे ३८ दिवसांनी तो बर्मिंगहॅमच्या पहिल्या संघाकडून खेळला, त्या क्लबचा आजवरचा सर्वांत तरुण खेळाडू ठरला, आणि २०२० मध्ये तो डॉर्टमुंड या जर्मन क्लबकडे गेला तेव्हा बर्मिंगहॅमने तो २२ क्रमांकच निवृत्त केला, म्हणजे पुढे कोणाला देणे बंद केले. डॉर्टमुंडमध्येही त्याने २२ घातला. रेआल माद्रिदमध्ये २२ क्रमांक अँटोनिओ रुडिगरकडे होता, त्यामुळे बेलिंगहॅमकडे आला तो ५, म्हणजे क्लबचा पूर्वीचा नामवंत मध्यरक्षक झिनेदिन झिदान याचा क्रमांक. इंग्लंडकडून तो २०२२ च्या विश्वचषकात २२ घालून खेळला आणि २०२४ च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत १० घालून. ज्या खेळाडूच्या पाठीवरचा आकडाच त्याची जागा सांगत नाही, त्याच्यासाठी आकडे छापलेल्या सोंगट्या अडचणीच्या ठरतात. कोऱ्या सोंगट्या आणि त्यांवर लिहून पुसता येईल अशी सोय असलेले संचही बाजारात मिळतात. शक्य असेल तर तेच घ्यावेत. आम्ही शेवटी एका पिवळ्या सोंगटीवर कागदाची गोल चकती चिकटवून तिच्यावर त्याच्या नावाचे आद्याक्षर लिहिले आणि तो प्रश्न मिटवला.

पहिली मोठी मांडणी आम्ही २०२३-२४ च्या रेआल माद्रिदची केली. करीम बेन्झेमा सौदी अरेबियात गेला होता, त्याच्या तोडीचा सेंटर फॉरवर्ड क्लबने घेतला नव्हता, आणि प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी यांच्याकडे मध्यरक्षकांची मात्र रेलचेल होती. त्यांनी मधल्या फळीतले चौघे हिऱ्याच्या आकारात उभे केले, पुढे व्हिनिशियस आणि रॉड्रिगो या दोघांना ठेवले, आणि हिऱ्याच्या वरच्या टोकावर बेलिंगहॅमला आणले. ही रचना पाटीवर मांडायला अर्धे मिनिटही लागत नाही. तिचा अर्थ मात्र दोन आघाडीपटूंच्या सोंगट्या हलवल्यावरच कळतो. व्हिनिशियस डाव्या सीमारेषेकडे सरकतो, रॉड्रिगो उजवीकडे ओढ घेतो, प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही मध्य बचावपटू कोणाला धरावे या संभ्रमात राहतात, आणि पेनल्टी क्षेत्राच्या समोरचा मधला भाग संपूर्ण रिकामा दिसतो. बेलिंगहॅमची सोंगटी त्या रिकाम्या जागेत ढकलली की त्या हंगामातले त्याचे ला लीगातले, म्हणजे स्पेनच्या मुख्य लीगमधले, १९ गोल कोठून आले, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. सोंगटी ठेवली होती १० च्या जागी. गोल झाले ते ९ ने जेथे असायला हवे तेथून.

‘तो १० आहे’ म्हणणाऱ्या आमच्या मंडळींना ही मांडणी म्हणजे निकालच वाटला. त्यांचे म्हणणे असे की ज्या हंगामात तो पुढे खेळला, त्याच हंगामात संघाने लीग जिंकली, वेम्ब्लीवर डॉर्टमुंडला २–० हरवून युरोपीय क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग त्याला मागे नेण्याचे कारणच काय? युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ, जे तरुणपणी शाहू स्टेडियमवर बचावफळीत खेळलेले आहेत, त्यांनी काळी सोंगटी उचलून लाल संघाकडे ठेवली आणि म्हणाले, “आधी चेंडू कुणाकडे आहे ते सांगा, मग जागेचं बोलू.”

पाटीचा सर्वांत मोठा उपयोग त्या क्षणी आमच्या लक्षात आला. चेंडू गमावल्यावर अँचेलोटींचा तो संघ हिऱ्याच्या आकारात थांबत नसे. व्हिनिशियसला प्रतिआक्रमणासाठी पुढेच ठेवायचे असल्याने डाव्या बाजूचा बचाव करायला मधल्या फळीतूनच कोणीतरी जावे लागे, आणि ते काम बऱ्याच वेळा बेलिंगहॅम करी. म्हणजे बचावात चार-चार-दोन (चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीपटू), आणि त्यातल्या मधल्या चौघांत तो सर्वांत डावीकडे. पाटीवर ती सोंगटी हिऱ्याच्या टोकावरून डाव्या सीमारेषेजवळ, स्वतःच्या अर्ध्या मैदानात आणून ठेवली, तेव्हा ‘तो १० आहे’ हे विधान अर्धेच खरे असल्याचे सर्वांना दिसले. माझ्या मते फुटबॉलप्रेमींमधले जागेबद्दलचे बहुतेक वाद येथेच फसतात. एकजण चेंडू आपल्याकडे असतानाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून बोलतो, दुसरा चेंडू नसतानाचे. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही एकमेकांना अडाणी ठरवतात. दूरचित्रवाणीवर सामन्यापूर्वी जी रचना दाखवतात, ती या दोन्हींपैकी कोणतीच धड नसते. पाटी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी सूचना आहे की कोणत्याही खेळाडूबद्दल बोलताना दोन मांडण्या कराव्यात, आणि पहिल्या मांडणीतल्या जागेवरून दुसऱ्या मांडणीतल्या जागेपर्यंत मार्करने रेघ ओढावी. त्या रेघेची लांबी हेच त्या खेळाडूच्या कामाचे खरे माप असते.

या लांबीवरून पाटीतल्या एका दोषाकडे वळावे लागते. प्रत्यक्ष मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. आमच्या पाटीवरचे छापील मैदान ८४ सेंटीमीटर लांबीचे आहे, म्हणजे पाटीवरचा एक सेंटीमीटर म्हणजे मैदानावरचे सव्वा मीटर. हे प्रमाण सोयीचे आहे आणि रुंदीतही ते जवळपास बरोबर येते. पेनल्टी क्षेत्राची खोली १६.५ मीटर असते, म्हणून या प्रमाणाने ती १३.२ सेंटीमीटर यायला हवी. टेप लावून पाहिली तर ती जेमतेम १२ भरते. मुलांना रचना दाखवताना या फरकाने काही बिघडत नाही. परंतु बेलिंगहॅमसारख्या, पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवरून आत शिरणाऱ्या खेळाडूबद्दल बोलताना दीड मीटरची चूक ही लहान चूक नव्हे. पाटी विकत घेताना दुकानातच टेप मागून घ्यावी आणि निदान पेनल्टी क्षेत्र व मधले वर्तुळ मोजून पाहावे. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर असते, म्हणजे या आकारात सात सेंटीमीटरांहून किंचित अधिक.

प्रमाण नीट असेल तर पाटी किती बोलकी होते, हे इंग्लंडच्या मांडणीत दिसले. २०२४ च्या युरोमध्ये प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी आघाडीपटू हॅरी केनच्या मागे बेलिंगहॅमला १० म्हणून ठेवले, उजवीकडे बुकायो साका आणि डावीकडे फिल फोडेन. फोडेन डाव्या पायाचा असला तरी सीमारेषेला चिकटून राहणारा नव्हे. त्याला आत यायला आवडते आणि त्याचा सारा खेळ आतच फुलतो. केनला मागे येऊन चेंडू घेण्याची सवय. ल्यूक शॉ जायबंदी असल्यामुळे डावा बचावपटू म्हणून खेळत होता उजव्या पायाचा किरन ट्रिपियर, तोही चेंडू उजव्या पायावर घेण्यासाठी आतच वळणारा. प्रतिस्पर्ध्याची मधली फळी आणि बचावफळी यांच्यात साधारण दहा मीटरचे अंतर धरले, तर पाटीवर ती आठ सेंटीमीटरांची पट्टी होते. तीन सेंटीमीटर व्यासाच्या तीन सोंगट्या, म्हणजे केन, फोडेन आणि बेलिंगहॅम, त्या पट्टीच्या मध्यावर आणल्या, तर त्या जवळजवळ एकमेकींना टेकतात. आणि डावीकडची सीमारेषेलगतची पट्टी कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत मोकळी पडते. त्या स्पर्धेत इंग्लंडचे आक्रमण एवढे अडखळत का होते, यावर मी बरेच वाचले होते, पण त्या तीन सोंगट्या पाहिल्यावर जेवढे समजले तेवढे वाचून समजले नव्हते.

तरीही बेलिंगहॅमने त्या स्पर्धेत सर्बियाविरुद्ध हेडरने, म्हणजे डोक्याने चेंडू मारून, विजयी गोल केला, आणि गेल्सनकिर्शेन येथे स्लोव्हाकियाविरुद्ध भरपाई वेळेत, म्हणजे ९५व्या मिनिटाला, पाठ गोलकडे असताना हवेत उलटी लाथ मारून संघाला घरी जाण्यापासून वाचवले. आमच्यातल्या १० वाल्यांनी हे दोन्ही गोल पुरावा म्हणून मांडले. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. सर्बियाविरुद्धचा गोल उजवीकडून साकाचा क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू) आल्यावर मागून धावत येऊन केलेला आहे, आणि स्लोव्हाकियाविरुद्धचा गोल लांब थ्रो-इनवर, सगळी रचना मोडल्यानंतरचा आहे. पहिला ८ नेही केला असता. दुसऱ्याला कोणताही क्रमांक लागू होत नाही.

येथे पाटीची मर्यादा सांगणे भाग आहे, आणि माझ्या दृष्टीने ती तिच्या सर्व दोषांत मोठी आहे. पाटी ‘कोठे’ ते दाखवते, ‘कधी’ ते दाखवत नाही. बेलिंगहॅमचे सारे मोठेपण या ‘कधी’ मध्ये आहे. २०२२ च्या विश्वचषकात इराणविरुद्ध तो डेक्लन राइसच्या पुढे, मेसन माउंटच्या जोडीने ८ म्हणून खेळला होता. शॉने डावीकडून क्रॉस टाकला तेव्हा बचावपटूंचे लक्ष आधीपासून आत असलेल्यांवर होते, आणि हा उशिरा, मागून, भरधाव येऊन हेडर मारून गेला. तो आधीच तेथे जाऊन उभा राहिला असता, तर त्याला कोणीतरी धरले असते. पाटीवर बाण काढला की फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो. तो धावण्यापूर्वी किती वेळ थांबला, हे बाणात कोठेच येत नाही. आम्ही यावर एक उपाय काढला : प्रत्येक बाणाच्या टोकाशी क्रमाने १, २, ३ असे आकडे लिहायचे, आणि बोलणाऱ्याने त्याच क्रमाने सोंगट्या उचलायच्या. शॉकडे चेंडू येतो हा १, आघाडीपटू बचावफळीला गोलकडे ओढून नेतात हा २, आणि बेलिंगहॅम धावायला सुरुवात करतो हा ३. उपाय कामचलाऊ आहे, पण त्यामुळे ‘त्याला गोलच्या जवळ ठेवा म्हणजे तो जास्त गोल करील’ हा सोपा तर्क ऐकू येणे बरेच कमी झाले.

बाण काढताना आणखी एक अडचण येते. सोंगटी पत्र्यावरून सरकवत नेली की तिच्या खालची शाई पुसली जाते, आणि अगदी चर्चेच्या भरात अर्धी रेघ नाहीशी होते. सोंगटी उचलून ठेवावी लागते, पण वादाच्या तोंडावर ते कोणाच्या लक्षात राहत नाही. संचातले मार्कर सुमार आहेत. त्यातल्या लाल मार्करची शाई रात्रभर राहिली तर सकाळी डस्टरने निघत नाही, गुलाबी डाग राहतो आणि स्पिरिटच्या बोळ्याने घासावा लागतो. मार्कर वेगळे आणि चांगले घ्यावेत. चुंबकांची पकड मात्र उत्तम आहे. पंख्याच्या वाऱ्याने, पाटी हलवल्याने किंवा दार आपटल्याने सोंगट्या जागा सोडत नाहीत. पत्र्याला चकाकी जास्त असल्याने ट्यूबलाइटच्या समोर पाटी लावली तर वरचा तिसरा भाग दिसतच नाही. दिवा बाजूला किंवा मागे असेल अशी भिंत निवडावी.

तिसरी मांडणी आघाडीपटू किलियन एम्बापे माद्रिदमध्ये आल्यानंतरची. २०२४ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच घडल्या : एम्बापे आला आणि टोनी क्रूस निवृत्त झाला. चर्चा सगळी पहिल्या घटनेची होते, पण पाटीवर दुसरी अधिक बोचते. क्रूसची सोंगटी काढून घेतली की बचावपटूंकडून चेंडू घेऊन तो शांतपणे पुढे नेणारे कोणी उरत नाही, आणि डाव्या मध्यभागी एक भोक पडते. ते भरायला जवळचा माणूस म्हणजे बेलिंगहॅम. तिकडे पुढे, ज्या रिकाम्या जागेत तो उशिरा पोहोचत असे, तेथे आता एम्बापे आधीच उभा आहे. म्हणजे त्याच्या मागे काम वाढले आणि पुढची जागा बुजली. त्या हंगामातला लीगमधला त्याचा पहिला गोल नोव्हेंबरमध्ये ओसासुनाविरुद्ध झाला, तेव्हा ‘तो संपला’ इथपर्यंत बोलणारे लोक होते. खेळाडू तोच होता. शेजारी बदलले होते. पाटीवर एक सोंगटी काढून दुसरी ठेवली की तिसरीचे काय होते, हे इतक्या स्पष्टपणे मी दुसऱ्या कोणत्याही साधनाने दाखवू शकलो नसतो, आणि १,८०० रुपयांचे मोल मला या एका मांडणीत मिळाले.

या मांडणीवरून माझे स्वतःचे मत पक्के झाले, ते येथे नोंदवतो. बेलिंगहॅम हा डाव्या बाजूचा ८ आहे. त्याच्या पाठीशी ओरेलियें चुआमेनीसारखा एक भक्कम राखणदार असावा, दुसऱ्या बाजूला फेडेरिको वाल्वेर्देसारखा न थकणारा धावपटू असावा, आणि पुढच्या आघाडीपटूने गोलसमोरची जागा सतत अडवून न ठेवता मधूनमधून मोकळी करावी. झिदानही माद्रिदमध्ये कागदावर डावीकडचा मध्यरक्षक होता. तो आत येई आणि बाहेरची संपूर्ण पट्टी रोबेर्तो कार्लोस सांभाळत असे. बेलिंगहॅमला पाच क्रमांक देताना क्लबच्या मनात काही असो, पाटीवर त्या दोघांच्या हालचालींच्या रेघा एकाच बाजूने आत वळतात. फरक एवढाच की झिदान चेंडू घेऊन आत येई, आणि बेलिंगहॅम पुष्कळदा चेंडूशिवाय आत येतो. याच्या विरुद्ध मत असणारे आमच्यात अजूनही आहेत आणि त्यांच्याही बाजूने बोलण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोंजुइकवर, म्हणजे बार्सिलोनाच्या तेव्हाच्या मैदानावर, बार्सिलोनाविरुद्ध त्याने दोन गोल केले, एक लांबून मारलेल्या जबरदस्त फटक्याचा आणि दुसरा भरपाई वेळेत गोलच्या तोंडाशी पोहोचून. भारतीय वेळेनुसार तो सामना संध्याकाळी पावणेआठला सुरू झाल्यामुळे आमच्याकडे घरातल्या लहान मुलांनीही तो पाहिला, आणि त्या मुलांच्या मनात बेलिंगहॅम म्हणजे पुढे खेळणारा, गोल करणारा माणूस हे चित्र पक्के बसले आहे. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये, झाबी अलोन्सो प्रशिक्षक असताना, बेर्नाबेऊ या माद्रिदच्या स्वतःच्या मैदानावर बार्सिलोनाविरुद्धच त्याने पहिल्या अर्ध्यात आधी मागून एम्बापेच्या धावेला अचूक पास दिला आणि नंतर गोलच्या अगदी जवळून स्वतः विजयी गोल केला. पहिली कृती ८ ची, दुसरी ९ ची. दोन्ही पक्षांनी तो सामना आपापल्या बाजूचा मानला, आणि मला वाटते माझ्या बाजूचा तो अधिक आहे, कारण मागे राहूनही तो पुढे पोहोचतो हेच त्यात सिद्ध झाले.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. चेन लावून वहीसारखी मिटणारी रेक्झिनची पाटी साधारण निम्म्या किमतीत मिळते. मैदानावर नेण्यासाठी ती सोयीची आहे, पण तिचे चुंबक लहान असतात आणि घडीच्या जागी, म्हणजे नेमक्या मध्यरेषेवर, सोंगटी नीट बसत नाही. मधल्या फळीची चर्चा करणाऱ्यांना ती चालणार नाही. मोबाइलवरच्या डावपेच दाखवणाऱ्या ॲपमध्ये हालचालींचे चलचित्र करता येते, त्यामुळे वर सांगितलेली ‘कधी’ ची उणीव काही अंशी भरून निघते. परंतु फोन एकाच्या हातात असतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून पाहतात. दहा-बारा जण समोर बसून बोलत असतील, कोणीही उठून सोंगटी हलवून आपले म्हणणे मांडू शकत असेल, आणि मांडलेली सोंगटी सर्वांच्या देखत परत हलवली जात असेल, तर भिंतीवरच्या पाटीला पर्याय नाही.

तालमींच्या आणि शाळांच्या संघांसाठीही मी हीच ९० बाय ६० ची पाटी घ्यायला सांगेन, मात्र काही अटींवर. सोंगट्या कोऱ्या मागाव्यात, किंवा आकडे असलेल्या घेतल्यास तिसऱ्या रंगाच्या चार-पाच सोंगट्या जादा घ्याव्यात, म्हणजे ज्या खेळाडूबद्दल बोलायचे तो चटकन वेगळा दिसतो आणि राखीव खेळाडूही मांडता येतात. काळी सोंगटी एकच असते आणि आकाराने लहान असल्याने तीच सर्वांत आधी हरवते; दुकानदार सुटी देत नसेल तर घरच्या शीतकपाटावरचा एखादा छोटा चुंबक कामी येतो. दोन वेगळ्या रंगांचे चांगले मार्कर घ्यावेत, आणि चेंडू आपल्याकडे असतानाच्या हालचाली निळ्याने, नसतानाच्या काळ्याने काढण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी. हिशेब केला तर हे सगळे दोन हजार-बावीसशे रुपयांच्या आत बसते.